‘डाय हार्ड’चा अनवाणी नायक: जुना अ‍ॅक्शनपट पुन्हा पुन्हा का पाहवतो?

एकपडदा

जॉन मॅकटिअर्नन दिग्दर्शित ‘डाय हार्ड’ १९८८च्या जुलैमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यानंतर बंदिस्त जागेत अडकलेला एकटा माणूस आणि समोर शस्त्रधारी टोळी, या साच्यातले इतके चित्रपट निघाले की आज मूळ चित्रपट पाहणाऱ्याला तोच कुणाची तरी नक्कल वाटावा. प्रत्यक्षात तसे होत नाही. कथानकाचा प्रत्येक टप्पा पाठ असूनही हा चित्रपट मध्येच कुठून लावला तरी शेवटपर्यंत जागचे उठवत नाही, आणि त्याच सुमाराचे, याहून मोठे स्फोट असलेले कितीतरी चित्रपट मात्र एकदा पाहून विटले. हा फरक कशामुळे पडतो याविषयी मला जे वाटते ते मांडतो, इतरांनीही लिहावे. शेवट उघड करणारे बरेच काही पुढे येणार आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो आधी पाहून घेतलेला बरा.

कथा थोडक्यात अशी: न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन (ब्रूस विलिस) नाताळच्या आदल्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला आपल्या दुरावलेल्या पत्नीला भेटायला येतो. होली (बॉनी बेडेलिया) तिथे नाकातोमी या जपानी कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे. कंपनीच्या इमारतीत तिसाव्या मजल्यावर मेजवानी रंगात आलेली असताना हान्स ग्रूबर (अ‍ॅलन रिकमन) आणि त्याची टोळी इमारतीचा ताबा घेते, आणि त्या गडबडीत निसटलेला मॅक्लेन वरच्या अर्धवट बांधलेल्या मजल्यांवर एकटा उरतो. राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणी हा नुसता देखावा असून ग्रूबरचा डोळा तिजोरीतल्या ६४ कोटी डॉलरच्या रोख्यांवर आहे.

माझे म्हणणे असे की, या चित्रपटाची गोडी नायकाच्या शौर्यापेक्षा त्याच्या हिशेबात जास्त आहे. त्याच्याजवळ काय शिल्लक आहे, तो कोणत्या मजल्यावर आहे, शत्रूला त्याच्याविषयी कितपत कळले आहे, हे प्रेक्षकाला दर क्षणी ठाऊक असते. त्यामुळे तो कोंडीत सापडला की आपणही मनातल्या मनात वाट शोधू लागतो, आणि त्याने शोधलेली वाट आपल्यापेक्षा एक पाऊल पुढची निघाली की मग टाळी पडते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे त्याचे अनवाणी पाय. पहिल्याच प्रसंगात विमानात शेजारी बसलेला प्रवासी, आसनाचा हात घट्ट धरून बसलेल्या मॅक्लेनला सल्ला देतो की, मुक्कामी पोहोचल्यावर बूट-मोजे काढून गालिच्यावर पायांच्या बोटांच्या मुठी वळत फिरावे, म्हणजे प्रवासाचा ताण उतरतो. सल्ला विनोदी आहे आणि आपण तो विसरूनही जातो. पुढे मॅक्लेनचे होलीशी वाजते, ती भाषणासाठी बाहेर जाते, हा स्वतःवरच चिडून दाराच्या चौकटीवर डोके आपटतो आणि मग खरोखरच गालिच्यावर बोटे वळवून पाहतो. नेमका तेव्हाच बाहेर गोळीबार सुरू होतो. पिस्तूल हाती येते, बूट मागे राहतात. पहिला शत्रू मेल्यावर तो त्याचे बूट घालून पाहतो, तर त्या धटिंगणाचे पाय याच्या बहिणीच्या पायांपेक्षाही लहान निघतात. म्हणजे ‘मेलेल्याचे बूट का नाही घातले’ ही आपली शंका पटकथेने आधीच ओळखून वाट बंद केली. बऱ्याच वेळाने, काचेच्या तावदानांनी भरलेल्या एका दालनात मॅक्लेन घेरला जातो, आणि त्याचे उघडे पाय याआधी नजरेत भरलेले असल्यामुळे ग्रूबर साथीदाराला माणसावर नेम धरण्याऐवजी काचा फोडायला सांगतो. तेव्हा अंगावर येणाऱ्या काट्याची तयारी विमानातल्या त्या निरुपद्रवी गप्पांपासून चाललेली असते.

लगेच पुढे तो फरशीवर रक्ताचा माग सोडत न्हाणीघरात जातो, पायांतल्या काचा उपसतो, आणि खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या अल पॉवेल या पोलिसाला वॉकीटॉकीवरून पत्नीसाठी निरोप सांगतो. निरोप माफीचा आहे. संध्याकाळी घरगुती भांडणात ज्याला चार शब्द नमते घेता आले नाहीत, त्याला ते सुचायला पाय फाटावे लागतात. इथे विलिसचा चेहरा पाहण्यासारखा आहे: दुखण्याने चिडलेला आणि ओशाळलेला, दोन्ही एकाच वेळी.

जागेचा हिशेबही असाच चोख ठेवलेला आहे. चित्रपटातली इमारत म्हणजे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची स्वतःचीच, तेव्हा नव्याने उभी राहत असलेली फॉक्स प्लाझा. बांधकाम चालू असलेल्या मजल्यावर मजुरांनी भिंतीला एका उघड्या बाईचे चित्र चिकटवलेले आहे. पहिल्यांदा पळताना मॅक्लेनची नजर त्यावर अडखळते, आणि पुढे त्याच वाटेने परत जाताना तो त्या चित्राची ओळख ठेवतो. हा थिल्लर विनोद वाटला तरी त्याचे काम नकाशाचे आहे. चित्र दिसले की आपण कुठल्या मजल्यावर आलो हे सांगावे लागत नाही. छायालेखक यान द बाँट यांचा कॅमेरा सतत हलता असूनही कोण कुणाच्या कोणत्या बाजूला आहे याविषयी कधी गोंधळ होत नाही. याच द बाँट यांनी पुढे १९९४मध्ये ‘स्पीड’ दिग्दर्शित केला.

आणखी एक गोष्ट नोंदवून थांबतो. कंपनीचे प्रमुख ताकागी यांना ग्रूबर गोळी घालतो तेव्हा मॅक्लेन तिथेच लपून पाहत असतो आणि काहीही करत नाही. त्यानंतर एकटाच पळताना तो स्वतःला विचारतो की, तू त्यांना अडवले का नाहीस. आणि स्वतःच उत्तर देतो की, अडवले असते तर तूही मेला असतास. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅक्शनपटांत नायकाला असे उत्तर देण्याची पाळी सहसा येत नसे. स्टॅलोन आणि श्वार्झनेगर यांच्या कमावलेल्या देहांची तेव्हा चलती होती, तर विलिस हा ‘मूनलायटिंग’ या हलक्याफुलक्या दूरचित्रवाणी मालिकेतला गप्पिष्ट नट होता. त्याला या भूमिकेसाठी ५० लाख डॉलर दिले गेले, तेव्हा हॉलिवूडमध्ये अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या.

किल्लेदार

एकपडदा, लेख आवडला. पण तुमच्या हिशेबात जमेची अर्धी बाजू लिहायची राहून गेली आहे. हा चित्रपट जितका विलिसचा, तितकाच रिकमनचा. रंगभूमीवर नाव झालेल्या या नटाचा हा पहिलाच चित्रपट होता, हे पाहताना खरे वाटत नाही.

ग्रूबर हा नायकापेक्षा अधिक शिकलेला, अधिक नीटनेटका आणि अधिक तयारीनिशी आलेला माणूस आहे. ताकागींना चौकशीसाठी नेताना तो त्यांच्या सुटाची तारीफ करतो. रॉडरिक थॉर्प यांच्या ज्या १९७९च्या कादंबरीवरून चित्रपट बेतला आहे तिच्यात खरे दहशतवादी होते. मॅकटिअर्नन यांनी त्यांना चोर केले आणि त्यामुळे सगळ्या प्रकाराला एक खेळकरपणा आला. कोणते कैदी सोडावेत याची यादी ग्रूबर वॉकीटॉकीवर गंभीरपणे सांगतो, आणि यातल्या एका संघटनेचे नाव आपण मासिकात वाचले होते, असे साथीदाराला हळूच सांगतो. तिजोरीचे शेवटचे कुलूप वीज गेल्याशिवाय उघडणार नाही हे त्याला ठाऊक असते, आणि ठरलेल्या नियमावलीबरहुकूम वागणारी एफबीआय इमारतीची वीज तोडून त्याचे काम आपण होऊन करून देते. तिजोरीचे दार सरकते तेव्हा मागे बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतले आनंदगीत पूर्ण ताकदीने वाजू लागते. संगीतकार मायकेल केमन यांनी हे स्वर चित्रपटभर ग्रूबरच्या अवतीभवती पेरून ठेवलेले आहेत. त्या क्षणी आपण चोरांच्या बाजूचे झालेलो असतो, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवे.

दोघांची समोरासमोर गाठ पडते तो प्रसंग तर चित्रीकरण चालू असताना, रिकमनला अमेरिकन उच्चार सफाईने करता येतात हे कळल्यावर लिहिला गेला. ग्रूबर अचानक स्वर बदलून घाबरलेला ओलीस बनतो. मॅक्लेन त्याला सिगारेट देतो, नाव विचारतो, बोलता बोलता भिंतीवरच्या नावांच्या फलकाकडे पाहतो आणि शेवटी संरक्षणासाठी पिस्तूलही देतो. ग्रूबर चाप ओढतो तेव्हा कळते की आत गोळ्या नाहीत. मॅक्लेनला संशय नेमका कधी आला हे चित्रपट सांगत नाही. दोन हुशार माणसे एकमेकांना तोलत आहेत, एवढेच आपल्याला दिसते. हाणामारीच्या चित्रपटातला सर्वांत ताणलेला प्रसंग म्हणजे दोन माणसांचे हळू आवाजातले संभाषण, हे मला विशेष वाटते. खलनायक बथ्थड असेल तर नायकाची अक्कल कशावर घासून पाहायची?

जाता जाता: शेवटी ग्रूबर उंचावरून पडतो त्या दृश्यात रिकमनला तीनपर्यंत मोजून सोडू असे सांगून त्याआधीच सोडले होते. चेहऱ्यावरचा तो भेदरलेला भाव अस्सल आहे.

मधुमालती

दोघांचेही मुद्दे मान्य आहेत, परंतु या चित्रपटाच्या आकर्षणात जो एक जुना, सोयीस्कर विचार मिसळलेला आहे त्याकडे कुणीच पाहिलेले दिसत नाही. चित्रपटातला पहिला संघर्ष पिस्तुलांचा नाही, नावाचा आहे. तळमजल्यावरच्या संगणकावर मॅक्लेन पत्नीचे नाव शोधतो आणि तिने आपले माहेरचे आडनाव, जेनारो, लावलेले पाहून त्याचा चेहरा पडतो. कंपनीने तिला कामगिरीबद्दल दिलेले भारी घड्याळ मेजवानीत कौतुकाने दाखवले जाते. शेवटी खिडकीबाहेर लोंबकळणारा ग्रूबर त्याच मनगटाला धरून असतो, आणि मॅक्लेन घड्याळाचा फासा सोडवतो तेव्हाच तो खाली पडतो. त्यानंतर खाली आल्यावर मॅक्लेन पॉवेलशी तिची ओळख ‘होली जेनारो’ अशी करून देतो आणि ती स्वतःहून ‘होली मॅक्लेन’ अशी दुरुस्ती करते. बाईने मिळवलेले घड्याळ गेले, आडनाव परत आले आणि संसार सावरला. हे योगायोगाने झालेले नाही.

कंपनी जपानी असण्यालाही १९८०च्या दशकातल्या अमेरिकेत निराळा अर्थ होता. जपानी भांडवल अमेरिकेतल्या मालमत्ता विकत घेत असल्याची धास्ती तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांत रोज दिसत असे. त्या झगमगीत इमारतीत न्यूयॉर्कचा एक साधा, कामकरी, थोडा मागासलेला पुरुष अनवाणी धावतो आहे आणि तिची काच अन् काच फोडतो आहे, यातले सुख तेव्हाच्या प्रेक्षकाला काचांपलीकडचेही असणार.

असे असूनही मला चित्रपट आवडतो, कारण बॉनी बेडेलियाने होलीला बिचारी होऊ दिलेले नाही. ताकागी गेल्यावर ओलिसांची पुढारी तीच होते, गर्भवती सहकारिणीसाठी कोच मागायला ग्रूबरसमोर ताठ उभी राहते, आणि मुलांना कॅमेऱ्यासमोर आणून तिची ओळख फोडणाऱ्या बातमीदाराच्या तोंडावर शेवटी ठोसा लगावते. तो ठोसा मला छपरावरच्या स्फोटापेक्षा अधिक समाधान देतो.

तालीमबाज

हिशेबाचा सिद्धान्त छान आहे, पण तो सर्वत्र लागू होत नाही. रॉबर्ट क्लाउस दिग्दर्शित ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) घ्या. ब्रूस ली त्यात पहिल्या चौकटीपासून सर्वांपेक्षा श्रेष्ठ आहे, आणि तो हरेल अशी शंका कुणाच्याही मनात येत नाही. तरीही जगभरच्या पोरांनी घराच्या मागल्या अंगणात नानचाकू फिरवून स्वतःची डोकी फोडून घेतली. जखमी होणारा नायकच प्रिय होतो असे म्हटले तर ली कुठे बसवायचा?

माझ्या मते काही नायकांचे आकर्षण निव्वळ कौशल्याचे असते. गवयाची तान कुठे पोहोचणार हे ठाऊक असूनही ती कशी पोहोचते ते ऐकावेसे वाटते, तसे हे आहे. त्यातही लीचे मोठेपण मारण्यापेक्षा थांबण्यात आहे. बेटाकडे जाणाऱ्या जहाजावर एक मग्रूर लढवय्या त्याला डिवचतो आणि त्याची युद्धशैली कोणती ते विचारतो. ली त्याला समोरच्या बेटावर जाऊन लढू असे सुचवून छोट्या होडीत उतरवतो, स्वतः मात्र वरच थांबतो, आणि होडीचा दोर त्याच माणसाने छळलेल्या पोरांच्या हाती देतो. एकही ठोसा न मारता लढाई जिंकलेली असते. दुसरा प्रसंग ओहारा या माणसाला मारण्याचा. लीच्या बहिणीच्या मृत्यूला तो कारणीभूत आहे. ली त्याच्यावर उडी घेतो आणि पडद्यावर फक्त लीचा चेहरा उरतो, संथ गतीत, थरथरणारा, जवळजवळ रडवेला. विजयाचा लवलेश त्या चेहऱ्यावर नाही. अजिंक्य देहाच्या आत काय चालले आहे ते तिथे दिसते, आणि त्यासाठी पाय फाटण्याची गरज पडत नाही.

एकपडदा

तालीमबाज, लीचे उदाहरण बिनतोड आहे, पण मला ते माझ्याच बाजूचे वाटते. जखम हा हिशेबाचा एक प्रकार झाला. अट ही खरी गोष्ट. ‘एंटर द ड्रॅगन’चा खलनायक हान याच्या बेटावर बंदुकांना मज्जाव आहे आणि त्याचे कारणही चित्रपट सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. ही एक अट काढून टाका, की लीची सगळी विद्या एका गोळीपुढे निरुपयोगी ठरते आणि चित्रपट पाच मिनिटांत आटोपतो. शेवटच्या आरसेमहालात तर हिशेबच मोडतो: खरा हान कोणता आणि प्रतिबिंब कोणते हे लीला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. गुरूंचे शब्द आठवून ली आरसे फोडू लागतो तेव्हा त्याची ताकद नव्हे, विचार कामी येतो. सर्वश्रेष्ठ योद्ध्यालासुद्धा शेवटी अडवायचे कसे, हा प्रश्न लेखकाला सोडवावाच लागला.

मधुमालतीताई, घड्याळाविषयी तुम्ही लिहिले आहे ते नाकारता येणार नाही. चित्रपटाची रचना इतकी घट्ट आहे की तिच्यातले पूर्वग्रहही तितक्याच घट्ट विणीचे निघतात. एवढेच म्हणेन की, वॉकीटॉकीवरचा माफीचा निरोप त्या शेवटाला थोडा छेद देतो. नोकरी मिळाल्यावर तिच्या पाठीशी उभे राहायला हवे होते, ही कबुली तो आडनावाची दुरुस्ती होण्याच्या कितीतरी आधी देऊन बसलेला असतो.

रीळवाला

हॉलिवूड आणि हाँगकाँगच्या चर्चेत मुंबईचे नाव निघाले नाही, म्हणून लिहितो. ‘हंटरवाली’ १९३५चा. पर्थमध्ये जन्मलेली, लहानपणी मुंबईत आलेली नादिया त्यात चाबूक घेऊन घोड्यावर बसली आणि वाडिया बंधूंची कंपनी त्यावर कितीतरी वर्षे चालली. नादिया धावत्या रेल्वेच्या टपावर स्वतः मारामाऱ्या करत असे. भगवानदादा ‘अलबेला’मुळे (१९५१) सर्वांच्या स्मरणात आहेत, पण त्याआधीची कितीतरी वर्षे ते कमी खर्चाचे स्टंटपट काढत होते आणि त्यांचा प्रेक्षक मुख्यतः कामकरी वर्गातला होता. प्रतिष्ठित समीक्षकांनी या चित्रपटांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्या प्रेक्षकाला मात्र एक गोष्ट पक्की कळत होती: पडद्यावर जो उडी मारतो आहे तो माणूस खरोखर तिथे आहे.

माझ्या दृष्टीने आकर्षणाचे मूळ इथे आहे. जॅकी चॅनचा ‘पोलीस स्टोरी’ (१९८५) पाहा. बाजारसंकुलाच्या कित्येक मजले उंच पोकळीत लोंबणाऱ्या, दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरून तो खाली घसरतो; दिवे फुटत जातात, ठिणग्या उडतात, आणि तो काचेच्या छतातून जमिनीवर आदळतो. हाताची कातडी खरोखर भाजली होती. दिग्दर्शकही तोच असल्यामुळे ही घसरण त्याने वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ पुन्हा दाखवली आहे. कथेच्या दृष्टीने ही पुनरावृत्ती निरर्थक आहे, तरी चित्रपटगृहात कुणाची तक्रार नसते, कारण त्या क्षणी आपण कथा सोडून माणूस पाहत असतो. आजच्या चित्रपटांत संकलक दर सेकंदाला चौकट तोडतो तेव्हा नेमके हेच लपवले जाते. याला सन्माननीय अपवाद म्हणजे जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५). त्यातले तुकडेही अतिशय छोटे आहेत, पण प्रत्येक वेळी महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यावर ठेवल्यामुळे डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही.

आपल्याकडे ‘शोले’तला (१९७५) रेल्वेचा प्रसंग मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. साहसदृश्यांसाठी इंग्लंडहून माणसे आणली होती. मला त्या प्रसंगातले घोडे आणि स्फोट जितके आवडतात, त्याहून अधिक शेवट आवडतो: ठाकूर जखमी होऊन पडला आहे, दोघे चोर आता सहज पळून जाऊ शकतात, आणि जय नाणे उडवतो. पुढे हे नाणे कुठे नेऊन ठेवले आहे ते मराठी वाचकाला सांगायला नको. विमानातला सल्ला आणि हे नाणे ही एकाच जातीची कारागिरी आहे.

चांदणी चौक

मी पुढचे भाग आधी पाहिले आणि पहिला नंतर, त्यामुळे माझा अनुभव उलट्या क्रमाचा आहे. २००७च्या चौथ्या भागात मॅक्लेन पोलिसांची गाडी उडवून हेलिकॉप्टर पाडतो आणि लढाऊ विमानाच्या पाठीवर उभा राहतो. तेव्हा मला वाटले होते की हा माणूस अजिंक्य आहे, याचीच सगळ्यांना मौज वाटत असणार. नंतर पहिला भाग पाहिला आणि त्यात तोच माणूस आगीच्या पाण्याचा पाइप कमरेला बांधून छपरावरून उडी मारण्याआधी देवाला विनवतो, हे पाहून चकित झालो. विमानावर उभा असताना त्याच्या चेहऱ्यावर एवढी भीती नव्हती. नायक तोच आणि नटही तोच असताना एवढा फरक का पडला असावा?

किल्लेदार

कारण मधल्या काळात तो ‘मॅक्लेन’ झाला. पहिल्या भागात त्याला स्वतःलाही ठाऊक नाही की आपण अ‍ॅक्शनपटाचे नायक आहोत. तो रात्रभर कुणीतरी मदतीला यावे म्हणून धडपडतो: आगीची घंटा वाजवतो, तातडीच्या वाहिनीवर पोलिसांना बोलावतो तर तिथली बाई त्यालाच नियम ऐकवते, अखेरीस प्रेत खिडकीतून गाडीवर फेकावे लागते तेव्हा कुठे पोलिसांना जाग येते. चौथ्या भागात मदत आली काय नि न आली काय, त्याचे काही अडत नाही.

याला अपवाद १९९५चा तिसरा भाग, जो पुन्हा मॅकटिअर्नन यांनीच केला. त्यात मॅक्लेन अंगात आदल्या रात्रीची दारू आणि डोकेदुखी घेऊन दिवस सुरू करतो. कारंज्यापाशी तीन आणि पाच गॅलनच्या दोन कॅनांनी नेमके चार गॅलन पाणी मोजायचे, नाहीतर बॉम्ब फुटणार, या प्रसंगात तो आणि सॅम्युअल जॅक्सन एकमेकांवर खेकसत गणित सोडवतात. एकपडदांचा हिशेब इथे अक्षरशः पडद्यावर मांडलेला आहे. पाचव्या भागाविषयी बोलण्यासारखे काही नाही.

पहिल्या भागाविषयी आणखी एक माहिती. विलिस तेव्हा ‘मूनलायटिंग’चेही चित्रीकरण करत असल्याने त्याच्या हाताशी वेळ कमी होता. म्हणून पॉवेल, गाडीचालक आर्गाइल, ग्रूबरची माणसे यांचे प्रसंग वाढवण्यात आले. नायक प्रत्येक चौकटीत नसल्यामुळे तो परत दिसला की आपल्याला हायसे वाटते. हा गुण निम्मा नाइलाजातून आला.

शंकेखोर

एवढे गुणगान झाल्यावर दोन काटे टोचतो. कार्ल नावाचा जो सोनेरी केसांचा दांडगा आहे, त्याला मॅक्लेन गळ्यात साखळी अडकवून लटकवतो. तो मेला असे आपण धरून चालतो, आणि सगळे संपल्यावर हा पठ्ठ्या बंदूक घेऊन रुग्णवाहिकांच्या गर्दीत उगवतो. सबंध चित्रपटात गोळ्यांपासून काचांपर्यंत सगळ्याचा चोख हिशेब ठेवणाऱ्या पटकथेने इथे सरळ खोटी नोंद केली आहे.

दुसरा काटा अधिक खोल आहे. पॉवेलने वॉकीटॉकीवर सांगितलेले असते की, खेळण्यातले पिस्तूल हाती असलेल्या एका १३ वर्षांच्या मुलावर आपल्या हातून गोळी सुटली आणि तेव्हापासून माणसावर बंदूक उगारता आलेली नाही. कार्ल परत येतो तो पॉवेलने त्याला मारावे म्हणून. पोलिसाने एका मुलाचा जीव घेतला, त्याची बोच चित्रपट कशी भरून काढतो, तर त्याच्या हातून दुसऱ्या माणसावर गोळ्या झाडून. आणि मागे संगीत उंचावते, मॅक्लेन कृतज्ञतेने पाहतो. १९८८मध्ये यावर टाळ्या पडल्या असतील. आज मला ते दृश्य नीट बसून पाहवत नाही.

एकपडदा

शंकेखोर, पहिल्या काट्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि शोधायचीही इच्छा नाही. मेलेला खलनायक शेवटी एकदा उठून बसणे ही त्या काळची रीतच होती आणि मॅकटिअर्नन यांनी ती मुकाट्याने पाळली. खरे तर खिडकीतला प्रसंग संपतो तिथे चित्रपट संपलेला असतो. त्या प्रसंगात मॅक्लेनजवळ दोनच गोळ्या उरलेल्या आहेत, समोर ग्रूबर आणि त्याचा साथीदार असे दोघेच आहेत, आणि पिस्तूल नाताळच्या भेटवस्तू बांधायच्या चिकटपट्टीने त्याच्या पाठीला चिकटवलेले आहे. हात वर करून तो वेड्यासारखा हसत सुटतो, समोरचेही हसू लागतात, आणि त्या हसण्याआड त्याचा हात मानेमागे जातो. दोन माणसे, दोन गोळ्या. याहून नेमका मेळ मला कुठल्या अ‍ॅक्शनपटात आठवत नाही.

दुसरा मुद्दा मात्र बाजूला सारण्यासारखा नाही. रेजिनाल्ड व्हेलजॉन्सन यांनी पॉवेल इतक्या मायेने उभा केला आहे की त्याच्या कबुलीच्या वेळी आपण त्या मुलाचा विचारच करत नाही, फक्त पॉवेलचे दुःख पाहतो. नायकाची बाजू घ्यायला लावण्याची या चित्रपटाची जी ताकद मी वर वाखाणली, तीच इथे एका मेलेल्या मुलाला पडद्याबाहेर ठेवते, आणि मधुमालतीताईंनी दाखवलेल्या घड्याळाच्या बाबतीतही तेच घडते. तरीही न्हाणीघरातला तो संवाद चित्रपटातून काढावा असे मी म्हणणार नाही, कारण दोन पुरुष एकमेकांना न पाहता आपापल्या अपराधाविषयी बोलत आहेत, असे दृश्य त्या काळातल्या अ‍ॅक्शनपटात शोधूनही सापडायचे नाही. काढायचेच असेल तर कार्लचे पुनरागमन काढावे. मग पॉवेल आणि मॅक्लेन गर्दीतून एकमेकांना ओळखतात आणि मिठी मारतात, तेवढेच राहील; मुलाचा प्रश्न अनुत्तरित राहील आणि तो तसाच राहायला हवा होता.